वाघजाईचा कौल आणि सगुणाचा डोळा

आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात जिच्यावर बुरशी चढत नाही अशी एक तरी वस्तू मला कुणी आणून दाखवावी. इतकी वर्षं दवाखाना चालवला, मला सापडली नाही. चामड्याची बॅग, बूट, पुस्तकांच्या पाठी, कोटाची कॉलर, झाकण जरा सैल राहिलेली लोणच्याची बरणी, श्रावण संपेपर्यंत सगळ्यांवर हिरवट-पांढरी लव. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरसुद्धा शिंची चढायची. रोज सकाळी फडकं घेऊन मी पुसत बसे आणि तोंडाने शिव्या देत असे. आमची मंडळी म्हणायची, "ह्यांचा राग पेशंटांवर नाही हो, बुरशीवर आहे." ते काही खरं नव्हतं. पेशंटांवरही होता, आणि पेशंटांच्या नातेवाइकांवर तर फारच.

मी डोळ्यांचा डॉक्टर. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात उमेदवारी केली आणि वडिलांच्या आग्रहाने गावी परतलो. वरच्या आळीत घराच्या पडवीला लागून दवाखाना काढला, मागे चार खाटा टाकल्या. मदतीला नाना कंपाउंडर. औषधं तेच कालवत, शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मही तेच देत, आणि मी फार तापलो की माझ्यापुढे ताकाचं भांडं आणून ठेवत. हा सगळा काळ एकोणीसशे वीस-तीसनंतरचा. डोळ्यांचा डॉक्टर म्हटल्यावर लोकांना वाटतं, चष्मे दिले, मोतीबिंदू काढले, संपलं. तेवढंच असतं तर माझ्यासारखा सुखी माणूस जिल्ह्यात नव्हता.

खरी कटकट सुरू व्हायची भातझोडणीला. भाताचं कुसळ उडतं आणि डोळ्यात जातं. ते त्याच दिवशी माझ्याकडे आलं तर दोन मिनिटांचं काम. पण त्याच दिवशी येईल तो कोकणी माणूस कसला! आधी वाडीतली एखादी म्हातारी जिभेने डोळा चाटून कुसळ काढणार. ते निघालं नाही की घरगुती उपाय सुरू. मी पापणी उघडण्याआधीच वासावरून अर्धं ओळखत असे.

"काय घातलंस डोळ्यात?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे काय?"

"वाईच मध."

"आणखी?"

"बाळंतिनीचं दूद."

"आणखी?"

"ती मामानं कसलीशी पूड दिलीन, ती."

ही कसलीशी पूड दरवेळी निघायचीच. डोळा पांढरा पडलेला, आतून पू. मी कपाळावर हात मारून घेई. एवढं सगळं घालायला तो काय लोणच्याची फोड आहे? बरं, ओरडावं तर माणूस उद्यापासून येणार नाही. न ओरडावं तर माझा जीव जाणार. नाना ताक आणत.

आणि एखादा डोळा फुकट गेला, काढणंच भाग पडलं, की गावभर बोभाटा. "त्याच्याकडं जाऊ नको, तो डोळा काढतो." शंभर डोळे बरे करा, कुणी आठवण ठेवत नाही. एक काढलात की झालात डोळेकाढे डॉक्टर. आमच्या लोकांना मरण एक वेळ चालतं, डोळा काढणं चालत नाही. का, ते मला नाही कधी कळलं. मेल्यावर त्या डोळ्याने काय बघणार आहात?

आता ज्या आजाराबद्दल लिहायला बसलो आहे तो सांगतो. आपला डोळा कवटीतल्या एका खोबणीत बसलेला असतो. पेढ्याएवढा डोळा, आणि त्याच्या मागे चरबी, स्नायू, नसा यांची गादी. या खोबणीच्या आतल्या बाजूला नाकाची पोकळी लागून असते, मध्ये हाडाची भिंत, पण कसली? पापडाएवढी पातळ. आणि खोबणीच्या मागे आणि वर थेट मेंदू. म्हणजे घराची रचनाच अशी, की पडवीत आग लागली तर ती माजघरात यायला वेळ लागत नाही.

काही रोग्यांमध्ये नाकाच्या बाजूने काहीतरी सुरू होतं, पापडाएवढी भिंत खाऊन खोबणीत शिरतं आणि डोळा हळूहळू पुढे ढकलू लागतं. ताप नाही, फार लाली नाही. नुसता डोळा बाहेर येत जातो, मग दिसेनासा होतो, मग डोकं ठणकू लागतं. डोकं ठणकू लागलं म्हणजे समजायचं, पाहुणा माजघराच्या दाराशी आला. असा पहिला रोगी मी पाहिला तो खेडचा एक दुकानदार. मी त्याला सांगितलं, खोबण उघडून साफ करू द्या. घरच्यांनी सांगितलं, थोरले भाऊ मुंबईहून आले की विचारून कळवतो. थोरल्या भावांना गिरणीतून रजा मिळेना. मिळाली तेव्हा बोट चुकली. ते पोचले तेव्हा दुकानदार बेशुद्ध होता, आणि ते मला म्हणाले, "अहो, मग थांबलात कशाला?" मी त्यांच्या अंगावर धावून गेलो असतो, नानांनी कोट धरला म्हणून राहिलो. तो माणूस गेला. त्याची धाकटी पोरं ओटीवर बसून कागदाच्या होड्या करत होती, ते मला अजून दिसतं.

तर असं पुन्हा होऊ द्यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं!

पुढे काही वर्षांनी, माघाच्या सुमाराला, वेळकोंडहून धाकू नावाचा कुणबी आपल्या बायकोला घेऊन आला. वेळकोंड हे आमच्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावरचं गाव. बायकोचं नाव सगुणा, वय तिशीच्या आतबाहेर. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून डावा डोळा झाकला होता. पदर बाजूला केलान आणि नाना एक पाऊल मागे सरले. डावा डोळा खोबणीतून पुढे आलेला, पापणी मिटत नव्हती, बुबुळ सुकून पांढरं झालेलं. त्या डोळ्याने उजेडसुद्धा कळत नव्हता. उजवा मात्र लख्ख, आणि त्या उजव्या डोळ्याने ती माझ्याकडे अशी बघत होती, की परीक्षा माझीच चालली आहे.

"डोकं दुखतं?"

"ठनकतं. निजायला देत नाय."

"हे सुरू कधी झालं?"

उत्तर धाकूने दिलं. पावसाळा संपल्यावर त्यांच्या गवताच्या उडवीत पाणी शिरलेलं आढळलं. उडवी म्हणजे गुरांसाठी रचून ठेवलेली पेंढ्यांची रास. आतला पेंढा काळा पडून बुरसला होता. सगुणाने ती सगळी उडवी एकटीने उपसून वाळत घातली. धूर निघावा तशी भुकटी उडत होती म्हणे. मग नाक चोंदलं ते सुटेचना, आणि मग डोळा.

मी वरच्या पापणीखाली छोटा छेद घेऊन आतला तुकडा काढला. काळपट, चिवट, भिजलेल्या काथ्यासारखा. काचेवर घेऊन त्यावर दाहक पोटॅशचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बघतो तर धागेच धागे, फाटे फुटलेले. पहिल्यांदा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, घ्या! आमच्या काचांना बुरशी चढली! नानांना हाक मारून ओरडलो. नवी काच, उकळलेलं पातं, पुन्हा तुकडा. पुन्हा तेच धागे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की बुरशी काचेवरची नाही, बाईच्या खोबणीतली आहे. जी बुटांवर येते, लोणच्यावर येते, तिचीच कुणी भावकी जित्या माणसाच्या हाडामांसात मुळं धरून बसली होती.

खात्री करून घ्यावी म्हणून एक तुकडा बाटलीत घालून बोटीने मुंबईला, माझ्या जुन्या वरिष्ठांकडे पाठवला. त्यांनी निरोप दिला, की बुरशी दिसते खरी, पण तुमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत बाटलीच बुरसली असावी. आता काय बोलायचं! वर त्यांनी विचारलं होतं, यंदा आंबा कसा आहे?

बुरशीवर तेव्हा औषध नव्हतं. आता म्हणे निघालं आहे. मी आयोडाइडचं मिश्रण देत असे, आणि त्याचा उपयोग रोग्याला कमी, मी काहीतरी करतो आहे असं मला वाटायला जास्त. खरा उपाय एकच. तो मेलेला डोळा आणि त्याच्या मागची सगळी खोबण हाडापर्यंत साफ करायची. त्यानेही वाचेलच असं नाही. न केल्यास मात्र जाणारच. मी हे धाकूला बसवून, समजावून, हातात नारळाची करवंटी घेऊन दाखवून सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझा राग थोडा उतरला.

"डाक्टर, ती गेली तर मी काय करू?"

"मग काढू दे मला."

"व्हय व्हय. फक्त वाघजाईला इचारून येतो."

इथे बाहेरच्या वाचकांना कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्न, जमीन, आजार, काहीही असो, ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरव देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाचे कळे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. देवीच्या उजव्या अंगाचा कळा आधी पडला तर होकार, डाव्या अंगाचा पडला तर नकार. मग तुम्ही बॅरिस्टर असा, की माझ्यासारखे डॉक्टर, तुमची अक्कल पाण्यात.

धाकू चार-आठ दिवसांनी उतरल्या चेहऱ्याने आला. "देवीनं डावा दिलान."

"विचारलंत काय तुम्ही?"

"सगुनेचा डोळा काढू काय, असं."

"अरे मेल्या!" मी खुर्चीवरून उठलोच. "डोळा काढू का म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? तुझ्या आईला विचारलं असतंस तर ती तरी म्हणाली असती का? असं विचार, की सगुणा जगायला हवी की नको!"

धाकूला हे पटलं. तो मनापासून म्हणाला, "ह्या आमच्या ध्येनात नाय आलं," आणि उलट्या पावली परत गेला. मी नानांना म्हटलं, बघा, आता झालं. डॉक्टरकी शिकलो आणि शेवटी देवीला प्रश्न काढून द्यायची वेळ आली.

यावेळी धाकू आला तो आणखी उतरलेल्या चेहऱ्याने. गुरवाच्या भावकीत मूल जन्मलं होतं. सुवेर! म्हणजे गुरव देवीला शिवणार नाही. सुवेर फिटल्यावर बघू म्हणून गुरवाने सांगितलं. आणि सुवेर फिटतं न फिटतं तोच शिमगा तोंडावर. शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी निघते, घराघरांत फिरते, आणि पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावरून, परत देवळात जाईपर्यंत गावात दुसरं काहीही होत नाही. माणसांनी मरायचंसुद्धा नाही, असा साधारण नियम.

"डाक्टर, शिमगा झाला की लगेच," धाकू म्हणाला.

"सगुणाचा ठणका?"

"वाडलाय. काल वकली दोनदा."

ओकली म्हणजे मेंदूवर दाब आला. शिमगा होईपर्यंत ती राहणार नव्हती. मला त्या खेडच्या पोरांच्या होड्या आठवल्या. मी नानांना म्हटलं, दवाखान्याला कुलूप लावा. धाकूच्या गाडीत मीच बसलो आणि वेळकोंडला निघालो. वाटभर धाकूला शिव्या दिल्या. तो बिचारा प्रत्येक शिवीला "व्हय डाक्टर" म्हणत बैल हाकत होता.

देवळात पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. वाडीतली माणसं शिमग्याच्या तयारीला जमलीच होती, सगुणाही एका बाजूला खांबाला टेकून बसली होती. गुरव, बाबी नावाचा मध्यमवयीन, पोक्त माणूस, मांडी घालून ताम्हनात काहीतरी घासत होता. जवळ जाऊन बघतो तर देवीचे डोळे. वाघजाईची मूर्ती काळ्या पाषाणाची, तिला चांदीचे डोळे मेणाने बसवलेले. दरवर्षी शिमग्याआधी ते काढून चिंचेने लख्ख करतात. आत गाभाऱ्यात देवी डोळ्यांविना उभी होती.

मी गुरवाला हात जोडले. म्हटलं, "गुरवबाबा, सुवेर फिटलंय ना? मग आत्ताच्या आत्ता कौल लावा. ही बाई शिमगा बघायची नाही."

गुरव वाईट माणूस नव्हता. त्याने सगुणाकडे एकवार बघितलं आणि मान हलवली. "लावतो. पन आयेला डोळे लावल्याबिगर कौल कसा लावायचा?"

मग मेण शोधणं आलं. मेण सापडेना. सापडलं तर घट्ट झालेलं, ते तापवायला विस्तव आणणं आलं. एक डोळा बसला, दुसरा तिरका बसला, तो काढून पुन्हा. मी गाभाऱ्याबाहेर येरझाऱ्या घालत होतो आणि इथे एका बाईच्या मेंदूवर बुरशी चढत होती. माझ्यासारख्या माणसाच्या सहनशक्तीला काही सीमा असते की नाही?

शेवटी डोळे बसले. कळे लागले, एक देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मी सांगितला होता तोच प्रश्न विचारला. आणि सगळे बघत बसले. कळा पडेना. ना उजवा, ना डावा. गाभाऱ्यात ओल मरणाची, ओलं फूल ओल्या दगडावर सुटणार कसं? गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. माणसं हात जोडून. एक म्हातारा म्हणाला, "देवी बोलत नाय. शिमगा होऊन जाऊंदे म्हनत असंल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सगुणा उठली. खांबाला धरून, हळूहळू, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. पदर मागे सारलान. तो डोळा बघून पुढच्या बायकांनी तोंडं फिरवली.

"डोळा माजा," ती म्हणाली. "डोकं माजं. ठनका मला. गुरवाला इचारतायत, देवीला इचारतायत, धनी डाक्टरला इचारतो. मला कोनी इचारलंन?"

मीही विचारलं नव्हतं. माघापासून मी करवंट्या दाखवत होतो त्या धाकूला.

मग ती देवीकडे वळली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "आये, दर शिमग्याला तुजे डोळे काढतात, घासतात, परत लावतात. तवा तू मरतेस काय? तवा तू वाडीला इसरतेस काय? आत्ता वाईच आदी दोनी ताम्हनात पडले व्हते, तरी तू हतंच उभी व्हतीस. माजा एकच काढतायत. तो गेला तर मी जगेन. तो ऱ्हायला तर मी मरेन. मला मरायचं नाय." एवढं बोलून तिने उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावलान, आणि वळून सरळ देवळाबाहेर चालायला लागली.

मी तिच्यामागे धावलो. पायरीवर बसून बूट चढवतो आहे, तोच आतून आरोळी आली, "पडला! उजवा पडला!" सगळं देऊळ ओरडायला लागलं. मी एक बूट घालून आत डोकावलो. देवीचा उजवा खांदा रिकामा होता, कळा खाली पडला होता, आणि बाबी गुरव त्या खांद्याजवळ हात वर करून उभा होता. तो हात नमस्कारासाठी वर गेला होता की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. मला बूट घालायचा होता.

रातोरात गाडीने सगुणाला दवाखान्यात आणलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या खिडक्या उघडून, चांगला उजेड आल्यावर, शस्त्रक्रिया केली. नाना थेंबाथेंबाने क्लोरोफॉर्म देत होते. डोळा काढला, मागची गादी काढली. नाकाच्या बाजूची भिंत जागोजाग खाल्लेली, तिथून तो काळा काथ्या खरवडून काढला. मागे एके ठिकाणी हाड इतकं पातळ झालं होतं, की त्याच्या पलीकडे मेंदूचे ठोके माझ्या बोटाला लागत होते. तिथे हात थांबला. आणखी खरवडावं तर मेंदूत शिरायची भीती, न खरवडावं तर एखादा धागा मागे राहायची. मी एकदाच, हलकेच खरवडणी फिरवली आणि थांबलो. पुढे कितीतरी वर्षं मला ती जागा आठवायची. खोबणीत आयोडीनची पट्टी भरली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो. नानांनी ताक आणलं. मी तापलो नव्हतो तरी आणलं.

शुद्धीवर आल्यावर सगुणाने विचारलं, "गेला?"

"गेला."

तिने पट्टीला हलकेच बोट लावलान. "ठनका पन गेला," म्हणाली, आणि रडली. मग निजली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत.

पट्टी बदलायचे दिवस मोठे कठीण. खोबण उघडी, आतून नवं मांस भरायला हवं. एके दिवशी आत जातो तर धाकू हातात पुडी घेऊन उभा. देवीचा अंगारा, जखमेत टाकायला! माझ्या तोंडून शिवी निघणार, तोच सगुणा म्हणाली, "अंगारा कपाळाला लाव. आत डाक्टरचं हाय, तकडं कोनी हात लावायचा नाय." धाकूने मुकाट्याने कपाळाला लावला. माझ्या उभ्या आयुष्यात माझी बाजू घेऊन बोललेली ती पहिली पेशंट.

ती बरी झाली. गावात एकच बोलबाला, देवीने उजवा दिला म्हणून वाचली. धाकूने नवस फेडला, वाघजाईला चांदीचा एक डोळा वाहिला. मला वैशाखात एक फणस आणून दिलान. तोही खुसखुशीत गऱ्यांचा कापा नव्हे, बुळबुळीत बरका. मी नानांना म्हटलं, न्या हा तुमच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर नको. मग दुपारी अर्धा मागून आणला.

सगुणा दरवर्षी शिमग्याआधी यायची. मी खोबण तपासायचो, ती मागची जागा बोटाने दाबायचो. बुरशी परत आली नाही. का आली नाही ते मी सांगू शकत नाही. सगळे धागे निघाले होते असं मी छातीवर हात ठेवून कधीच म्हणालो नाही. थोडी आधी आली असती तर डोळासुद्धा वाचवता आला असता का, हाही प्रश्न मला सोडत नाही.

तिच्यापायी एक गोष्ट मात्र अशी झाली, की जी माझ्या आरडाओरडीने झाली नव्हती. वेळकोंडात कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं आणि म्हातारी जीभ बाहेर काढू लागली, की सगुणा तिथे जाऊन पदर बाजूला करायची. "ह्या बघ. डाक्टरकडं जातोस, का अजून दाखवू?" माणूस अर्ध्या दिवसाची वाट धावत यायचा. वाडीत उडवी उपसताना सगळ्या बायका नाकातोंडाला फडकं बांधायला लागल्या, तेही तिच्याच धाकाने. आणि एका झोडणीला तिने दंडाला धरून कुणाला आणलान, तर बाबी गुरवाला! डोळा लालभडक, कुसळ आतच.

मला राहवेना. "काय गुरवबाबा, कौल लावलात का?"

"डाक्टर," गुरव कळवळून म्हणाला, "ह्या डोळ्यानं कळा लावायचा तरी दिसतोय कुठं? आदी काढा ता."

मी काढलं. दोन मिनिटांचं काम. हसू दाबायला मात्र बराच वेळ लागला.

डोळ्यांच्या डॉक्टरचेच डोळे अधू झाले तेव्हा मी दवाखाना बंद केला. नाना त्याआधीच गेले होते. शेवटच्या आठवड्यात सगुणा भेटायला आली, केस पिकलेले, हातात कापा फणस. धाकूने आठवणीने पाठवला होता म्हणे. तिला ओटीवर बसवून मी इतक्या वर्षांचं मनात राहिलेलं विचारून टाकलं.

"सगुणा, आता तरी खरं सांग. त्या दिवशी तो उजवा कळा आपणहून पडला, की गुरवाने पाडलान?"

ती हसली. पदर नीट केलान. "मला काय म्हाईत डाक्टर? देवीचं उजवं अंग म्हंजे माजा डावा हात. माज्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. तो कळा मला पैल्यापासून दिसतच नव्हता."

"मग उठलीस कशाच्या भरवशावर?"

"आयेचा डावा कळा तेवढा दिसत व्हता," सगुणा म्हणाली. "तो जाग्यावर व्हता. आये नको बोल्ली नव्हती. तेवढं मला पुरलं."